छतावरच्या पेन्सिलच्या रेघा : एका गळतीचं प्रकरण

खालच्या मजल्यावरच्या काकू एका सकाळी वर आल्या आणि म्हणाल्या, “जरा खाली येऊन बघतेस का?” त्यांच्या बाथरूमच्या छताला, आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली, ताटाएवढा पिवळसर डाग पडला होता. कडेचा रंग पोपडे धरून लोंबत होता. एक पोपडा बोटाने उचलला तर मागे पांढरी भुकटी. सिमेंटमधून पाणी झिरपतं तेव्हा ते आतले क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे ओल आजची नव्हती, बरेच दिवस मुरत होती.

तिथून पुन्हा रंग लागेपर्यंत दहा महिने गेले. त्यातले नऊ महिने आम्ही चुकीच्या माणसांमागे आणि चुकीच्या प्रश्नांमागे होतो. घरदुरुस्तीसाठी माणूस निवडताना आपण नेमकं काय बघतो आणि काय बघायचं राहून जातं, हे या एका प्रकरणात मला जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. म्हणून ते सगळं लिहून ठेवते आहे. कुणाचंही नाव लिहिणार नाही.

पहिले मिस्त्री

पहिले मिस्त्री ओळखीच्या ओळखीतून आले. बाथरूमच्या दारात उभं राहून त्यांनी आत नजर फिरवली, दोन टाइल्सवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “ताई, वॉटरप्रूफिंग गेलंय. सगळं उखडायचं. फरशी काढायची, खालचा भराव काढायचा, नवीन कोबा, नवीन टाइल्स. दहा वर्षांची गॅरंटी.” यायला लागलेला वेळ सोडला तर हे सगळं पाच मिनिटांत झालं. निम्मी रक्कम उचल म्हणून आधी हवी होती. अंदाज कागदावर मागितला तर म्हणाले, “शब्द दिलाय ना.”

ते खाली जाऊन डाग बघायला गेलेच नाहीत, हे माझ्या त्या वेळी लक्षातही आलं नाही. आम्ही त्यांना काम दिलं नाही, पण ते एवढा खर्च तेव्हा झेपणारा नव्हता म्हणून. त्यांचं निदान आम्ही खरंच मानलं होतं. फक्त त्यावर कुठला तरी स्वस्त उपाय असेल, असं वाटत होतं.

दुसरे, पाच तारेवाले

दुसरे कारागीर मोबाइलवरून बोलावले. शेकडो लोकांनी त्यांना पाच तारे दिलेले. सांगितलेल्या वेळेला आले, बुटांवर कव्हर चढवली, अदबीने बोलले. टाइल्सच्या सांध्यांतला जुना माल खरवडून त्यांनी सगळीकडे इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा चिवट माल, भरलं. जाताना फरशी पुसून गेले. खर्च पहिल्यांच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याइतका. संध्याकाळी मीही मनापासून पाच तारे दिले आणि वर चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या.

आठवड्याभरात डाग सुकायला लागला. काकूंना सांगितलं, काम झालं. उन्हाळा कोरडा गेला.

मग थंडी पडली आणि तिसऱ्याच आठवड्यात काकूंच्या छतातून थेंब पडू लागले. आधी ओल होती, आता थेंब. फोन केला तर उत्तर मिळालं की कामाची हमी ३० दिवसांची होती, ती संपली. मी माझ्याच चार कौतुकाच्या ओळी पुन्हा वाचल्या. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. माणूस वेळेवर आला होता, सभ्य होता, घाण ठेवून गेला नव्हता. गळती थांबली का, याबद्दल मात्र त्यात काहीच नव्हतं, कारण त्या संध्याकाळी ते मला माहीत असणं शक्यच नव्हतं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तारे दिले जातात काम संपलं त्या दिवशी. नळाचा जोड टिकला की नाही हे कळतं एका हिवाळ्यानंतर, छताचं काम कळतं पुढच्या पावसाळ्यात, वायरिंगचं कळायला तर कधी कधी वर्षं लागतात. त्या दिवशीचा शेरा माणसाच्या वागण्याबद्दल असतो. वागणं महत्त्वाचं आहेच, घरात परका माणूस येणार म्हटल्यावर ते हवंच. पण मी त्या ताऱ्यांना कामाचं प्रमाणपत्र समजत होते.

तिसऱ्यांचा शोध

या वेळी आम्ही ज्याला विचारायचं तो माणूसच बदलला. आमच्याकडे १५ वर्षं येणारे एक इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांना मी “चांगला प्लंबर सांगा” असं म्हटलं नाही. विचारलं, “दादा, तुम्ही भिंतीला झिरी मारता, बंद केलेल्या भिंती उघडता. आत कुणाचं काम नीट दिसतं?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग दोन नावं सांगितली. त्यातल्या एकाबद्दल म्हणाले, “फोन लवकर उचलत नाही. पण त्याच्या लाइनवर टाइल बसवणाऱ्याला कधी परत तोडफोड करावी लागलेली मी पाहिली नाही.”

कारागिरांना एकमेकांचं झाकलेलं काम दिसतं, आपल्याला फक्त वरची टाइल दिसते. गवंड्याला प्लंबरचं काम कळतं, रंगाऱ्याला गवंड्याचं, फरशीवाल्याला दोघांचंही. हा प्रश्न विचारायला आम्हाला नऊ महिने लागले याची मला आजही हळहळ वाटते, कारण ते इलेक्ट्रिशियन दादा मधल्या काळात दोनदा घरी येऊन गेले होते.

दोघांनाही फोन केला. फोनवर सांगायचं ते आधी एका कागदावर लिहून काढलं होतं : डाग कुठे, किती मोठा, कधीपासून, आधी काय काय केलं. पलीकडचा माणूस पुढे काय विचारतो ते ऐकायचं होतं. एकांनी विचारलं, “बाथरूम किती फुटांचं?” आणि तिथेच दर सांगायला लागले. दुसऱ्यांनी विचारलं, “डाग कधी वाढतो? सकाळी का रात्री? रोज का मधूनमधून?” मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, “खालच्यांना विचारून ठेवा. मी परवा येतो.”

परवा ते आले नाहीत. फोनही उचलला नाही. आम्ही दुसऱ्याच कुणाला बोलवायच्या बेतात होतो, तेवढ्यात तेरवा सकाळी दारात उभे. आधीच्या कामावर अडकलो, कळवायला हवं होतं, एवढंच म्हणाले. ही त्यांची उणीव आहे आणि ती मी झाकणार नाही.

काकूंच्या छतावर काय लिहिलं होतं

आमच्या बाथरूममध्ये शिरण्याआधी ते खाली गेले. काकूंच्या स्टुलावर चढून त्यांनी छत जवळून पाहिलं आणि विचारलं, “ह्या रेघा कुणी मारल्या?”

तेव्हा कळलं. काकूंचा मुलगा दर रविवारी स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढत होता आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख घालत होता. डाग पुढे सरकला नाही त्या रविवारी रेघ नाही. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारख्या एकाबाहेर एक रेघा. त्या डागाचा सगळा इतिहास छतावर लिहून ठेवलेला होता आणि आमच्यासकट कुणीही मान वर करून तो वाचला नव्हता.

मिस्त्रींनी तारखा मोठ्याने वाचल्या. थंडीतल्या रेघा एकमेकींपासून दोन-दोन बोटं लांब होत्या, म्हणजे डाग झपाट्याने पसरत होता. उन्हाळा सुरू झाल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत एकही नवी रेघ नव्हती. आणि त्या आधीची शेवटची रेघ, मी घरी जाऊन तारखा ताडून पाहिल्या, ग्राउट भरलं त्याच्या १६ दिवस आधीची होती. डाग वाढायचा थांबला होता तो ग्राउट भरण्याआधीच. आम्ही ज्याचं श्रेय दिलं, त्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

काकूंनी आणखी एक सांगितलं, “थेंब पडतात ते सकाळी नऊच्या सुमाराला. तुम्ही दहा दिवस बाहेरगावी होतात तेव्हा एकही पडला नाही.”

मिस्त्री म्हणाले, “उन्हाळ्यात तुम्ही आंघोळ करत नव्हता का? दोनदा करत असाल. फरशीतून पाणी जात असतं तर तेव्हाही गेलं असतं. उन्हाळ्यात बंद काय होतं? गिझर.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते इथे नीट मांडते, कारण गळतीसाठी माणूस बोलावणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी जाणून घ्यावं. बाथरूममधून खाली येणारं पाणी ढोबळमानाने तीन वाटांनी येतं. भरलेल्या लाइनमध्ये कायम दाब असतो, त्यामुळे ती फुटली तर वापर असो-नसो, दिवसरात्र गळते. सांडपाण्याची नळी फक्त पाणी सोडलं की गळते. आणि फरशी किंवा सांधे गेले असतील तर फरशीवर पाणी साचलं की गळतं. आमची गळती या तिन्हींत सरळ बसत नव्हती, म्हणून त्यांना चौथी शक्यता दिसत होती : गरम पाण्याच्या लाइनमधली अशी चीर की जी गरम झाल्यावर उघडते आणि थंड झाल्यावर मिटते.

तरीही त्यांनी लगेच भिंत फोडली नाही. आधी गिझरचा इनलेट व्हॉल्व्ह बंद केला आणि बजावलं की मिक्सरची, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाची, गरम बाजू अजिबात उघडायची नाही, नाहीतर थंड पाणी उलट्या वाटेने गरम लाइनमध्ये शिरेल. गिझरजवळच्या प्लगची भिंत ओलसर लागत होती म्हणून वीजही बंद करायला लावली आणि लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज कुठे गळू लागली की आपोआप बंद होणारा स्विच, आहे ना, हे स्वतः बोर्ड उघडून पाहिलं. घरातला असा ब्रेकर विजेच्या साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो. तो नसता तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग मी हात लावतो, असं म्हणाले.

फरशीची परीक्षा वेगळी. सांडपाण्याच्या जाळीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबलं, फरशीवर इंचभर पाणी साठवलं आणि पातळीशी टाइलवर पेन्सिलने खूण केली. शेजारी बादलीत पाणी भरून तिलाही तशीच खूण. बादली कशाला, असं मी विचारलं. “पाणी हवेतही उडतं. बादलीतलं जितकं उतरेल तितकंच फरशीवरचं उतरलं, तर फरशी निर्दोष.” २४ तासांनी दोन्ही पातळ्या सारख्याच, काडीभर उतरल्या होत्या. खाली एकही थेंब नाही.

पहिल्या मिस्त्रींनी उखडायला सांगितलेली फरशी ती हीच.

या तपासणीचे त्यांनी वेगळे पैसे घेतले आणि ते आधीच सांगितले होते : “काम मला द्या, नका देऊ, बघण्याचे एवढे होतील.” मला हे फार पटलं. ज्याला बघण्याचे पैसे मिळत नाहीत त्याला तोडण्यातूनच कमवावं लागतं. निदान आणि दुरुस्ती यांची किंमत वेगळी ठेवणारा माणूस “काही करायची गरज नाही” असंही सांगू शकतो.

काम देण्याआधी

एवढं होऊनही आम्ही दुसरा अंदाज घेतला, इलेक्ट्रिशियन दादांनी सुचवलेल्या पहिल्या माणसाकडून. तो एक तृतीयांशाने कमी निघाला. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर कारण दिसलं : त्यात डेब्रिज, म्हणजे फोडलेला राडारोडा, उचलणं नव्हतं, टाइल नव्हती, काम झाल्यावर दाबाची चाचणी नव्हती, आणि नळी कुठल्या प्रतीची याचा उल्लेख नव्हता. ते सगळं धरलं तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. आकड्यांची तुलना करण्याआधी कामांची तुलना करावी लागते, आणि तोंडी अंदाजात ती करताच येत नाही.

मिस्त्रींकडे जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. या महिन्यातलं काम नको, दोन वर्षांपूर्वीचं सांगा, असं म्हटलं. त्यांनी दोन नंबर दिले. पहिल्या गृहस्थांनी नुसतंच “चांगलं आहे काम” म्हटलं. दुसऱ्या आजी होत्या. त्यांना मी विचारलं, “काही बिघडलं का नंतर?” त्या म्हणाल्या, “बिघडलं ना. आठ महिन्यांनी एक जोड पाझरायला लागला. दोन दिवस फोन उचलला नाही, मी चिडलेच. मग आला, दुरुस्त केलं, पैसे घेतले नाहीत.” कधीच काही बिघडलं नाही असं त्यांनी सांगितलं असतं तर माझा एवढा विश्वास बसला नसता. काम बिघडू शकतं, प्रश्न असतो तो त्यानंतर माणूस दारात येतो की नाही याचा.

हमीबद्दल ते सरळ बोलले. “मी बदलेन त्या लाइनची हमी दोन वर्षं. बाकीच्या जुन्या लाइनची नाही. फरशीची तर नाहीच, ती मी केलेली नाही.” दहा वर्षांच्या सरसकट गॅरंटीपेक्षा ही तोकडी हमी मला जास्त भरवशाची वाटली. तिला कडा होत्या.

कागदावर आम्ही लिहिलं ते असं. काम ते स्वतः करतील, हेल्पर फक्त फोडायला आणि उचलायला. माल त्यांचा, पण पावतीसकट. उचल फक्त मालापुरती. निम्मी मजुरी चाचणीनंतर, दहावा हिस्सा राखून उरलेली टाइल बसल्यावर, आणि तो राखलेला दहावा हिस्सा महिनाभर खालचं छत कोरडं राहिल्यावर. भिंत बुजवण्याआधी आम्हाला दाखवायची. या शेवटच्या वाक्यावर ते म्हणाले, “ते तर मीच सांगणार होतो.”

भिंतीत काय निघालं

गिझरपासून मिक्सरपर्यंतची लाइन जेमतेम पाच फुटांची. छिन्नीने दोन टाइल्स काढल्या, गिलावा खरवडला. क्रीम रंगाच्या नळीच्या मध्येच वीतभर लांबीचा पांढरा तुकडा, दोन्ही टोकांना आट्यांच्या कपलिंगने जोडलेला. गिझरकडच्या कपलिंगवर केसाएवढी चीर, आणि चिरेच्या काठाने क्षारांची पांढरी ओळ, जणू कुणी खडूने आखली.

क्रीम नळी सीपीव्हीसीची, साधारण ९३ अंश सेल्सिअसपर्यंतचं पाणी सोसणारी. पांढरी यूपीव्हीसीची, ती थंड पाण्यासाठी. तिची मर्यादा ६० अंशांच्या आसपास, आणि गिझरचं पाणी त्याच्या वर सहज जातं. रोज सकाळी ती मऊ पडून ताणली जायची, चीर उघडायची. थंड झाली की मिटायची, आणि उन्हाळ्यात थोडंफार झिरपलंच तर ते भिंतीतच वाळून जायचं.

मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी मिक्सर बदलला होता. तो कारागीर तासाभरात काम संपवून गेला होता आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच्या झपाट्याचं कौतुक केलं होतं. त्याच्या पिशवीत त्या दिवशी क्रीम तुकडा नसावा. दुकानात जाऊन आणण्यात अर्धा तास गेला असता. तेव्हा भिंत उघडी असताना आमच्यापैकी कुणी पाच मिनिटं उभं राहून “हा पांढरा का?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. त्यासाठी प्लंबिंग यावं लागत नाही, रंग दिसतो.

नवी लाइन एकसंध घातली. जोड रात्रभर तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरून गेज लावलं. तासभर काटा हलला नाही. तो तासभर मिस्त्री बाहेर पायरीवर बसून होते. त्यांना दुसरीकडे जायचं होतं हे मला माहीत होतं. मी उघड्या भिंतीचे फोटो काढले, मोजपट्टी नळीशेजारी धरून, म्हणजे पुढे कधी भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर लाइन कुठे आहे ते कळेल.

टाइलचा रंग मात्र जुळला नाही. जुन्या टाइल्स आम्ही शिल्लक ठेवल्या नव्हत्या, नव्या दोन जरा उजळ आहेत आणि उजळच राहतील.

काकूंच्या छताला लगेच रंग लावायचा नाही, असं मिस्त्रींनी जाताना सांगितलं होतं. भिंत किंवा छत आतून सुकायला इंचाला महिना धरा, असा त्यांचा हिशोब. पहिला रंगारी दुसऱ्याच दिवशी लांबी (पुट्टी) भरायला तयार होता. दुसऱ्याने छताला प्लॅस्टिकचा चौकोन चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद केला, सकाळी येऊन काढला आणि आतल्या बाजूला दवासारखे बिंदू दाखवून म्हणाला, “अजून पंधरा दिवस.” काम त्यालाच दिलं. काकूंच्या मुलाने रंगाआधी त्या रेघांचा फोटो काढून घेतला.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. मिस्त्रींनी त्यांना माझा नंबर दिला होता, जुनं गिऱ्हाईक म्हणून. मी सगळं सांगितलं : सांगितल्या दिवशी आले नाहीत, टाइल जुळली नाही, लाइन १४ महिने कोरडी आहे. मग विचारलं, “तुमच्याकडचा डाग कधी वाढतो?” त्या म्हणाल्या, “ते काही पाहिलं नाही.” “खाली कोण राहतं?” मी विचारलं. “आधी त्यांच्याकडे जाऊन या.”